पेट्रोल की डिझेल? आमच्या गाडीचा हिशेब

आम्ही जोह्याच्या बायका बोलतोय, पेण तालुक्यातल्या. हमरापूर, जोहे, कळवे हा आमचा सगळा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. आमच्या बचत गटात दहा जणी आहेत. काहींच्या घरी स्वतःचा कारखाना आहे, काही जणी दुसऱ्याकडे रंगकामाला, आखणीला जातात. आज बोलायचंय ते मात्र गणपतीवर नाही, गाडीवर. गेल्या दिवाळीनंतर आम्ही गटासाठी एक जुनी लहान गाडी घेतली. ती घेताना जे शिकलो आणि जिथे थोडे फसलो, ते तुम्हाला सांगावं म्हणून आलोय.

गाडी कशाला, असं घरात आम्हालाही विचारलं गेलं. मोठा माल छोट्या हत्तीतूनच जातो, तो तसाच जाणार. पण वर्षभर बारीकसारीक फेऱ्या किती असतात बघा. रंगाचे डबे, खडे, फेट्याचं कापड आणायला पेणला जायचं. आठ-दहा इंची मूर्तींची पाच-पंचवीस खोकी पनवेलच्या दुकानात पोचवायची. प्रदर्शनात स्टॉल मिळाला तर सामान न्यायचं. बँकेत जायचं. आणि रात्री-अपरात्री कोणाचं पोट दुखलं, कोणाचे दिवस भरले, तर दार ठोठावत कोणाची गाडी मिळते का बघत फिरायचं. प्रत्येक वेळी भाडं. ते भाडं आम्ही एक महिना वहीत लिहिलं आणि मग गाडीचा विषय घरातही निघाला.

दहा जणींनी पंधरा-पंधरा हजार काढले, दीड लाख झाले. वरचे बँकेकडून कर्ज. आता कोणती गाडी? दोन समोर आल्या. दोन्ही २०१६ सालच्या, दोन्ही पाच दारांच्या. पेट्रोलची दोन लाख चाळीस हजारांना, डिझेलची तीन लाखांना. गावात ज्याला विचारावं तो एकच सांगे, डिझेल घ्या. भाऊ म्हणाला डिझेल घ्या. भावोजी म्हणाले डिझेल घ्या. जावई तर म्हणाले, पेट्रोल म्हणजे पांढरा हत्ती. इतके जण सांगतायत म्हटल्यावर आम्ही डिझेलच्या गाडीला पाच हजार रुपये टोकन देऊन टाकलं. हिशेब त्याच्यानंतर केला. हीच आमची पहिली चूक.

आधी ही दोन इंजिनं वेगळी कशात, ते सांगतो. आम्हाला हे गटातल्या एकीच्या भाच्याने समजावलं, तो गॅरेजात कामाला आहे. म्हणाला, मावशी, तुमच्या स्प्रेच्या कॉम्प्रेसरच्या डोक्याला हात लावून बघा. कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, मशीन थोडा वेळ चालली की ते डोकं चटका देतं. का? हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारतानाही खालचं टोक गरम लागतं, तसंच.

डिझेलचं इंजिन याच गोष्टीवर चालतं. आत नुसती हवा घेतो, ती दाबून सोळावा-अठरावा हिस्सा करतो. इतकी दाबल्यावर ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटतं. काडी नाही, ठिणगी नाही. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल दोन्ही मिळून दाबतात, पण दाबतात दहाव्या हिश्शाच्या आसपासच, आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. आपला गॅस आणि लायटर असतो ना, तसं.

एवढ्या एका फरकातून बाकीचं सगळं येतं. डिझेलमध्ये दाब जास्त, म्हणून लोखंड जाड, इंजिन जड, आवाज जास्त, थरथर जास्त आणि किंमतही जास्त. खाडीतल्या मचव्याचं इंजिन धुगधुग करतं, ते याच घराण्यातलं. फवारा मारायचा पंप तर फारच जोराचा. नव्या पद्धतीच्या डिझेल गाडीत तो दाब आपल्या स्प्रेच्या कॉम्प्रेसरच्या शंभरपटीहून जास्त असतो. असा पंप बिघडला तर दुरुस्ती शंभर-दोनशे रुपयांत होत नाही, हे सांगायला नकोच. पण जास्त दाबामुळे इंधनातून कामही जास्त निघतं. शिवाय लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, लिटरभर डिझेलचं आठशे ग्रॅमच्या वर. म्हणजे त्याच मापात डिझेल थोडं जास्तच येतं. म्हणून डिझेलची गाडी एका लिटरात लांब जाते. आणि ओढही दांडगी. पाच माणसं आणि डिकीत खोकी घेऊन कर्नाळ्याचा चढ चढायचा तर डिझेलला गिअर फार बदलावे लागत नाहीत, लहान पेट्रोलला लागतात. हे आम्ही दोन्ही गाड्या चालवून बघितलंय, त्यात खोटं काही नाही.

मग सगळे सांगत होते ते बरोबरच होतं की! होतं, पण ते दहा-बारा वर्षांपूर्वी.

डिझेलवर एसटी चालते, ट्रक चालतात, शेतातले पंप चालतात. म्हणून सरकार त्याचा भाव मुद्दाम खाली ठेवत असे. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव बाजारावर सोडला, डिझेलचा नाही. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपये लिटर होतं. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक! त्या काळात ज्याला जमेल त्याने डिझेलची गाडी घेतली. आपल्या पुण्याला टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली होती, ती डिझेलमध्ये म्हणून तर टॅक्सीवाल्यांनी उचलली. पुढे फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आलं. ते पुणे जिल्ह्यात रांजणगावलाही बनत होतं आणि कितीतरी कंपन्यांच्या लहान गाड्यांत तेच एक बसवलेलं असायचं. भावोजींच्या डोक्यात जो हिशेब आहे तो त्या दिवसांतला.

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचाही भाव बाजारावर सोडला आणि दोन्हींतलं अंतर कमी झालं. मग १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले, ज्याला बीएस सिक्स म्हणतात ते. डिझेलचा धूर त्या नियमात बसवायचा तर गाडीला इतकं सामान जोडावं लागतं, की लहान गाडीत तो खर्च परवडेना. मारुतीने तेव्हा डिझेलच्या गाड्या बनवणंच थांबवलं. आज लहान गाड्यांत नवीन डिझेल शोधायला गेलात तर एखाद-दुसरीच सापडेल. म्हणजे आपल्यासारख्यांपुढे डिझेल येतं ते बहुतेक जुनंच, आणि डिझेल लोकांनी घेतलं होतं खूप पळवायला, म्हणजे ते बहुतेक खूप पळालेलंही असतं.

आता आमचा हिशेब. टोकन दिल्यावर चार दिवसांनी बैठक होती. गटातली सर्वांत धाकटी बारावी झालेली आहे, ती म्हणाली, वहिनी, आपली गाडी महिन्याला पळणार किती ते तरी लिहू. वही काढली. ज्या महिन्याचं भाडं लिहिलं होतं त्या सगळ्या फेऱ्यांचे किलोमीटर मांडले. पेणच्या फेऱ्या, पनवेलच्या तीन, एक अलिबाग, दवाखाना. बेरीज आली ४६० किलोमीटर. श्रावणात जास्त होईल, पितृपक्षात काहीच नाही. सरासरी महिन्याला पाचशे धरली. वर्षाचे सहा हजार.

तुम्हीही कागद घ्या. भाव रोज हलतो, म्हणून आम्ही हिशेबापुरतं पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरलं. जुनी पेट्रोल गाडी लिटरला १६ किलोमीटर देईल असं धरलं, डिझेल २०. विकणारा याहून जास्त सांगतो, ते त्याला सांगू द्या. १०४ ला १६ ने भागलं, किलोमीटरला साडेसहा रुपये. ९१ ला २० ने भागलं, चार रुपये पंचावन्न पैसे. डिझेलमध्ये किलोमीटरमागे एक रुपया पंचाण्णव पैसे वाचतात. वर्षाच्या सहा हजार किलोमीटरला झाले ११,७०० रुपये. इथपर्यंत डिझेलवालेच जिंकत होते आणि आमच्यातल्या दोघी-तिघी टाळ्याही वाजवायला लागल्या.

मग भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, डिझेलची सर्व्हिसिंग, फिल्टर, मोठी बॅटरी धरून वर्षाला चार हजार तरी जास्त पकडा, आणि पंप किंवा इंजेक्टर गेला तर तो खर्च वेगळा. ११,७०० मधून चार हजार गेले, उरले ७,७००. आणि गाडीला आपण जास्त मोजणार होतो साठ हजार. साठ हजार भागिले ७,७००. जवळजवळ आठ वर्षं! २०१६ ची गाडी, तिची पंधरा वर्षं २०३१ ला भरणार, त्यानंतर पुन्हा पासिंग. हातात जेमतेम सहा वर्षं. म्हणजे आम्ही जास्तीचे दिलेले पैसे वसूल व्हायच्या आधीच गाडी म्हातारी. शिवाय त्या साठ हजारांवर बँकेचं व्याज चालू राहिलं असतं, ते तर आम्ही धरलंच नव्हतं. विम्याचंही तसंच. हजार सीसीच्या आतल्या इंजिनाला थर्ड पार्टी विमा कमी पडतो. ही पेट्रोल गाडी आत होती, डिझेल बाहेर.

बैठकीत थोडा वेळ कोणी बोललंच नाही. पाच हजार रुपये अडकले होते ना.

तेवढ्यात आमच्या काकू म्हणाल्या, मग माझ्या जावयाचं काय? जावई रोज जोह्याहून उरणच्या बाजूला कामाला जातात, येताना-जाताना आणखी तिघांना घेतात. महिन्याला दोन हजार किलोमीटर सहज. त्यांचा हिशेब त्याच पानावर केला. वर्षाला चोवीस हजार किलोमीटर, वाचले ४६,८०० रुपये. इतकी पळणारी गाडी म्हणून दुरुस्तीचे जास्तीचे सहा हजार धरले, तरी चाळीस हजारांच्या वर उरले. साठ हजार दीड वर्षात सुटले! गाडी तीच, भाव तोच, आणि उत्तर बरोबर उलटं. तेव्हा आम्हाला कळलं की गाडी चांगली की वाईट हे विचारण्याआधी आपली वही उघडायला हवी होती.

टोकनवाल्या एजंटाकडे आम्ही चौघी गेलो. त्याने अडीच हजार परत दिले, अडीच हजार ठेवले. पावती आम्ही घेतली नव्हती, भांडणार कशाच्या जोरावर? तुम्ही टोकन द्याल तेव्हा 'गाडी पसंत न पडल्यास इतके परत' असं लिहून सही घ्या, मगच नोट द्या.

आता पेट्रोलचीही दुसरी बाजू सांगतो. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, उसाचं, मक्याचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी, म्हणून अॅव्हरेज थोडं उतरतं. आम्ही १६ धरलं ते त्याच कारणाने, पूर्वीच्या मालकाला १८ मिळत होतं म्हणे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, वायसर त्या इंधनात लवकर कडक होतात की काय, यावर नजर ठेवायला मेकॅनिकने सांगितलंय. दर सर्व्हिसिंगला वास आणि ओल बघतो. आणि सीएनजीचं काय, हा प्रश्न तुमच्या ओठावर असेल. सीएनजी स्वस्त आहेच. पण टाकी डिकीत बसते, आणि आमची खोकी डिकीतच बसतात. विषय संपला.

धुराचं जरा सविस्तर सांगायला हवं. डिझेलच्या धुरात काजळीचे फार बारीक कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणारा म्हणून नोंदला. आमचं काम आधीच धुळीचं, घासकामाचं, रंगाचं. गटातल्या एकीला दम्याचा पंप लागतो. माल चढवताना टेम्पो कारखान्याच्या दाराशी चालू ठेवतात आणि धूर सरळ आत येतो. आम्ही आता ड्रायव्हरला आधी इंजिन बंद करायला लावतो. कुरकुर करतात, पण करतात. पेट्रोलचा धूर म्हणजे काही अगरबत्ती नव्हे, बंद शेडमध्ये तोही जीव घेतो. गाडी कुठलीही असो, दार लावून आत चालू ठेवू नका.

२०२० नंतरची डिझेल गाडी कोणी घेत असेल तर एक लक्षात ठेवा. तिला काजळी अडवायची जाळी असते. ती जाळी साफ व्हायला गाडी मधूनमधून हायवेवर सलग, वेगात चालवावी लागते. रोज घर ते बाजार एवढीच पळाली तर जाळी तुंबते, दिवा लागतो आणि मग खर्च. गावातल्या गावात फिरणाऱ्या बाईसाठी ती गाडीच नाही.

जुनी गाडी बघायला जाल तेव्हा सकाळी लवकर जा आणि इंजिन थंड असताना स्वतःसमोर चालू करायला लावा. मालकाने आधीच तापवून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावल्यावर कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत क्षणभर ठीक, पण गाडी तापल्यावरही येतच राहिला तर सोडून द्या. डिझेलमधून काळा धूर भसाभस येत असेल तर फवाऱ्यात किंवा हवेच्या फिल्टरमध्ये गडबड. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण उघडायला सांगा, आतून धुराचे धक्के येत असतील तर इंजिन झिजलंय. आणि आपल्या खारेपाटात हे नक्की करा, गाडीखाली वाकून पत्रा बघा. खारी हवा आणि उधाणाचं पाणी पत्रा खाऊन टाकतं. पायाखालचा गालिचा उचला. महाडला २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं. गालिच्याखाली गाळ, कुबट वास, सीटच्या स्क्रूंना गंज, असं काही दिसलं तर कितीही स्वस्त असली तरी परत फिरा. आपली गाडी कधी पाण्यात उभी राहिली, तर चावी फिरवू नका. पाणी दबत नाही, आतलं लोखंड वाकतं. टोचन करून गॅरेजात न्या.

शेवटचं काकूंच्या जावयांचं. आम्ही सोडलेली डिझेल त्यांनीच घेतली, ऐंशी हजार किलोमीटर झालेली. दुसऱ्याच महिन्यात एका पंपावर घाईत त्यांच्या टाकीत पेट्रोल भरलं गेलं. पेट्रोलची नळी बारीक, डिझेल गाडीच्या तोंडात सहज जाते, म्हणून ही चूक या बाजूने जास्त होते. डिझेल थोडं तेलकट असतं, पंपाच्या आतल्या भागांना तेच वंगण. पेट्रोल गेलं की ते वंगण धुऊन निघतं आणि पंप कोरडा घासतो. जावयांनी मीटर बघितलं, चुकीची बेरीज दिसली आणि चावी हातात असूनही लावली नाही. गाडी ढकलत बाजूला घेतली, टाकी रिकामी करून घेतली. बाराशे रुपयांत सुटले. दोन किलोमीटर चालवली असती तर हजारांत गेले असते. आता त्यांच्या टाकीच्या झाकणावर आमच्या धाकटीने रंगाने मोठ्या अक्षरात 'डिझेल' लिहून दिलंय, आणि आखणीवालीचा हात असल्यामुळे अक्षर फार सुंदर आलंय. आमच्या गाडीवर 'पेट्रोल' लिहिलंय, ते तितकं सरळ नाही, ते काकूंनी लिहिलंय.

आमची पेट्रोल गाडी एका सदस्येच्या नावावर आहे, तसा ठराव गटाच्या वहीत सह्यांनिशी लिहिलाय. पाटी पांढरी आहे, म्हणून भाडं घेत नाही, आपलाच माल आणि आपलीच माणसं. दोघींनी लायसन काढलं, तिसरी शिकतेय, ती सध्या फक्त पेणपर्यंत आणि फक्त दिवसा. वही गाडीतच असते. गेल्या महिन्याचा आकडा धाकटीने काल लिहिला, ४३० किलोमीटर, २७ लिटर. भागाकार तुम्ही करा.